नाथांची अंगठी आणि आप्पांच्या शेळ्या

(कलशारोहणाच्या दिवशी सकाळी नव्या सभामंडपात झालेले भाषण. समितीच्या इच्छेवरून जवळजवळ जसेच्या तसे छापत आहोत.)



समितीने मला ‘आपल्या मंदिराचा इतिहास’ या विषयावर दोन शब्द बोलावयास सांगितले आहे. गावात आता माझ्या वयाची माणसे थोडी उरली, त्यामुळे इतिहासाचा भार माझ्यावर आला असावा. तो इतिहास मी लवकर आटोपतो. विठोबाचे हे देऊळ आम्ही पाहिले ते मातीच्या माळवदाचे. सागवानी तुळया, लाकडी खांब, भिंती पांढऱ्या मातीच्या आणि जमीन शेणाने सारवलेली. १९७३ साली माळवद उतरवून नवे केले. पुढे पत्रे आले. आता तुम्ही सर्वांनी दिलेल्या देणग्यांतून स्लॅबचा सभामंडप झाला, दगडी गाभारा तसाच ठेवून वर शिखर उभे राहिले आणि आज कळस चढला. कोणी किती दिले ते या स्मरणिकेच्या मागील पानांवर छापलेले आहे, ते मी वाचून दाखवीत बसत नाही.

मला बोलायचे आहे ते १९७३ च्या माळवदाविषयी. ते माळवद गळत नव्हते असे तुम्हाला आठवत असेल, तर त्यातली काही माती चोरीच्या पैशाची होती हेही आज ऐकून घ्या. चोर मीच होतो.

थांबा, थोडे पुढून सांगतो. आधी नाथांकडे जाऊ या. कारण पैठणच्या तालुक्यात जन्माला येऊन अशा विषयावर बोलायचे आणि नाथांना वगळायचे, हे बरे दिसणार नाही.

महिपतीबाबा ताहराबादकरांनी ‘भक्तलीलामृता’त नाथांचे चरित्र विस्ताराने लिहिले, आणि कीर्तनकारांनी ते आपल्या घराघरात पोहोचविले. त्यातला पैठणचा एक प्रसंग तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात. एक गरीब ब्राह्मण मुलाच्या मुंजीसाठी पैसे मागत गावात आला. गावात काही टवाळ मंडळी होती. अशी मंडळी प्रत्येक गावात असते, त्यासाठी पैठणच हवे असे नाही. ते म्हणाले, एकनाथाला राग आणून दाखव, तुला दोनशे रुपये देतो. आता विचार करा, तो ब्राह्मण काही दुष्ट नव्हता. मुलगा मुंजीचा झाला होता आणि पदरी दमडी नव्हती. दोनशे रुपये म्हणजे त्या काळी केवढी रक्कम! तो निघाला. नाथ पूजेला बसले होते, तर हा पाय न धुता थेट त्यांच्या मांडीवर जाऊन बसला. नाथ म्हणाले, भेटीला पुष्कळ लोक येतात, पण तुमच्यासारखे प्रेम कोणाचेच पाहिले नाही. मग पंक्तीत गिरिजाबाई तूप वाढायला वाकल्या, तेव्हा तो त्यांच्या पाठीवर चढून बसला. नाथ म्हणाले, सांभाळा, ते पडतील. गिरिजाबाई म्हणाल्या, मुलाला पाठीवर घेऊन घरकाम करायची मला सवय आहे, यांना पडू देणार नाही.

इथे तो माणूस मोडला. पायावर पडला आणि सगळा सौदा सांगून टाकला. त्यावर नाथांनी काय म्हणावे? अहो, आधी सांगितले असते तर मी रागावलो असतो, तुमचे दोनशे तरी बुडाले नसते!

ही गोष्ट ऐकून आपण हसतो आणि ‘काय ती नाथांची शांती’ असे म्हणून घरी जातो. मीही पन्नास वर्षे तसाच घरी गेलो. परंतु अलीकडे मला वाटते, या गोष्टीत शांतीपेक्षा वेगळे काहीतरी आहे. इतका अपमान होत असताना नाथांच्या मनात त्या माणसाच्या बुडालेल्या पैशाची काळजी उभी राहिली. तो आपल्याशी कसा वागला यापेक्षा तो कशापायी असा वागला, याकडे त्यांचे लक्ष गेले. मुंज राहिली होती ना! गुन्हेगाराच्या पाठीमागे त्याची अडचण उभी असते, ती आधी दिसायला फार निराळे डोळे लागतात.

दुसरा प्रसंग चोरांचा. रात्री कीर्तनाच्या गर्दीत चोर नाथांच्या वाड्यात शिरले, सगळे निजल्यावर भांडीकुंडी गोळा केली आणि देवघरापाशी आले, तर नाथ ध्यानात बसलेले. चोरांची दृष्टी गेली, वाट सापडेना, असे महिपती सांगतात. नाथांनी त्यांच्या डोळ्यांवरून हात फिरविला. पुढचे मला महत्त्वाचे वाटते. नाथ म्हणाले, घेतलेले न्या, आणि बोटातली अंगठीही काढून दिली. उपाशी असाल म्हणून त्यांना जेवू घातले. दृष्टी गेली, परत आली, हा चमत्काराचा भाग कोणाला पटो न पटो. अंगठी काढून देणे आणि जेवू घालणे यात चमत्कार काही नाही. ते तुम्हाआम्हालाही करता येण्यासारखे आहे, म्हणून तर ते अवघड आहे.

आणि माता-भगिनींनो, अंगठी नाथांनी दिली हे सर्वांना आठवते. मध्यरात्री उठून चूल कोणी पेटविली, हे फार थोडे कीर्तनकार विचारतात.

आता कोणी म्हणेल, असे देत सुटले तर संसार आणि देवस्थान दोन्ही बुडतील. म्हणून नाथांची तिसरी गोष्ट लगेच जोडतो. ते देवगिरीच्या किल्ल्यावर, म्हणजे आपल्या दौलताबादेस, जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना स्वामींनी त्यांना हिशेबाचे काम दिले होते. एके रात्री एका पैची चूक निघेना. रात्र चढली तरी हा मुलगा दिव्यापाशी बसून. शेवटी चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली, तिने स्वामी जागे झाले. पुढे याच नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. हाताने उतरवीत आलेल्या पोथ्यांत शिरलेली चूक अक्षर अक्षर तपासून काढली. एका पैसाठी रात्र जागविणारा आणि अंगठी चोराला देणारा हा एकच माणूस आहे, हे लक्षात असू द्या. माझ्या बोलण्याचा सगळा आधार यावरच आहे.

आता माझी गोष्ट.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना तो सांगावा लागत नाही, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळत नाही. आधीची दोन वर्षेही पावसाने हूल दिली होती. बहात्तरला तर मराठवाड्यात पेरलेले उगवले नाही. गावोगाव दुष्काळी कामे निघाली: खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते. आठ एकरांचा बागाईतदार आणि त्याचा सालगडी एकाच ढिगाऱ्यावर हातोडा घेऊन बसले. खायला परदेशातून आलेली तांबडी मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी. पलीकडे जायकवाडीच्या धरणाचे काम चालू होते, १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याची पायाभरणी झालेली. आमच्या गावची पुष्कळ माणसे तिकडेही मातीकामाला होती.

तशा दिवसांत कोणाच्या तरी मनात आले की देवळाचे माळवद गळते आहे, ते दुरुस्त करावे. पाऊस नाही तेव्हाच माळवद उतरवता येते, हा त्यातला खेडवळ शहाणपणा! आठवड्याचा पगार झाला की प्रत्येकाने यथाशक्ती वर्गणी द्यायची असे ठरले. मी गावातल्या मॅट्रिक झालेल्या तीन-चार पोरांपैकी एक, वय बावीस-तेवीस. पावतीपुस्तक माझ्याकडे आले. रक्कम ठेवायची ती आप्पांकडे.

आप्पांचे नाव मी घेत नाही. त्यांची नातवंडे-पतवंडे इथे बसली आहेत आणि आप्पांना नाव छापलेले आवडले नसते. देणगीदारांच्या यादीतही ते कधी आले नाहीत. निजामाच्या अमदानीत चार इयत्ता उर्दू शिकलेले, हिशेब मोडीत लिहायचे, बारा एकर कोरडवाहू. आवाज मोठा आणि बोलणे कमी.

मला पैशाची गरज कशासाठी होती, ते सांगतो. आईच्या औषधासाठी होती असे सांगावे असा मोह या क्षणीही मला होतो आहे. तसे नव्हते. मला मटक्याचा नाद लागला होता. तालुक्याच्या बाजारात एका पानाच्या टपरीमागे आकडा लागायचा. पहिल्यांदा दोन रुपयांचे अठरा झाले, आणि माणूस तिथेच फसतो. हरला असता तर वाचला असता. पुढे घरातली दोन पितळी पातेली गेली, मग उधारी झाली, आणि मग हातातले पावतीपुस्तक दिसू लागले.

रीत अगदी सोपी होती. देणाऱ्याला पाच रुपयांची पावती द्यायची आणि स्थळप्रतीवर तीन लिहायचे. वाचता येणारे थोडे, आणि आपली पावती कोणी स्थळप्रतीशी ताडून बघत नाही. दर वेळी मी मनाशी म्हणायचो, आकडा आला की भरून टाकू. चार महिन्यांत सत्त्याऐंशी रुपये झाले. आज तुम्हाला ही रक्कम चहापाण्याची वाटेल. तेव्हा दिवसभर खडी फोडून दोन-तीन रुपये हाती पडत होते, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

गावातल्या एका म्हातारीने मला उघडे पाडले, तेही नकळत. तिला अक्षर येत नव्हते. पावती मात्र तिने चंचीत सुपारीबरोबर जपून ठेवली होती. एके दिवशी ती आप्पांकडे गेली आणि पावती पुढे धरून म्हणाली, “माझे पाच रुपये लागले का रं माळवदाला?” आप्पांनी पुस्तक काढले. स्थळप्रतीवर तीन होते.

आप्पांनी तिला सांगितले, “लागले म्हातारे.” आणि पुढचे आठ-दहा दिवस ते रोज तिन्हीसांजेला एकेका आळीत जाऊन, काही ना काही निमित्त काढून, लोकांच्या पावत्या पाहत राहिले. हे मला फार उशिरा कळले. त्या वेळी मला एवढेच दिसत होते की आप्पा अलीकडे फार हिंडतात.

माळवद पुरे झाले आणि रामनवमीपासून सप्ताह बसला. सप्ताहाच्या काल्याच्या दिवशी गावापुढे हिशेब वाचायचा ही आपली जुनी चाल. आदल्या रात्री आप्पांनी मला जेवायला बोलाविले. मिलोची भाकरी आणि पिठले होते. आप्पांच्या घरच्यांना आम्ही सगळी पोरे मोठी आई म्हणत असू. एरवी बडबड करणारी मोठी आई त्या रात्री माझ्याशी बोलली नाही, पण भाकरी मात्र आग्रहाने वाढली. दारातल्या मेखेला दोन शेळ्या बांधलेल्या असायच्या, तिथे त्या रात्री नुसती दावी पडलेली होती. ते मी पाहिले आणि विसरलो. दुष्काळात कोणाची दावण भरलेली होती?

दुसऱ्या दिवशी काल्याचे कीर्तन झाले, लाह्यांचा प्रसाद वाटला, आणि आप्पा उठून म्हणाले, “हिशेब पोरगंच वाचल.” माझ्या हाती घडी केलेला कागद दिला. मला माझी बेरीज तोंडपाठ होती: पाचशे पंचवीस. कागद उघडला. जमेच्या बाजूला घरवार, आळीवार नावे होती, प्रत्येकाने खरोखर दिलेली रक्कम नावापुढे होती, म्हातारीचे पाच होते, आणि खाली बेरीज सहाशे बारा.

गाव समोर बसलेले. मी एकेक नाव वाचत गेलो. ज्याच्या नावापुढे मी तीन लिहिले होते त्याचे पाच वाचायचे, ज्याचे एक लिहिले होते त्याचे दोन वाचायचे. आप्पा माझ्याकडे पाहतसुद्धा नव्हते. खांबाला टेकून डोळे मिटून ऐकत होते. माझा घसा कोरडा पडला. कोणीतरी म्हणाले, पोराला पाणी द्या, उन्हाचे आहे. शेवटी बेरीज वाचली. खर्च वाचला. शिल्लक वाचली. आप्पांनी डोळे उघडून विचारले, “जुळला का?” मी म्हणालो, “जुळला.” लोकांनी टाळ वाजवून ‘पुंडलिक वरदे’ म्हटले.

संध्याकाळी मी त्यांच्या ओसरीवर जाऊन उभा राहिलो. मला वाटत होते, आता मारतील. मारले असते तर फार बरे वाटले असते. आप्पा म्हणाले, “शेळ्यांला चारा नव्हताच. आज ना उद्या विकायच्याच हुत्या.” थोड्या वेळाने आत गेले आणि नवे कोरे पावतीपुस्तक आणून माझ्यापुढे टाकले. “पुढल्या वर्षीचं. तुझ्याकडंच ठेव.”

मी म्हणालो, “आप्पा, माझ्याकडं नको.”

“मग कुणाकडं दिऊ?” ते म्हणाले. “दुसरं कुणी न्हाई चुकलेलं. त्याला काय ठावं कुठं चुकतंया?”

शिक्षा झाली असती तर मी ती भोगून मोकळा झालो असतो. गावाने तोंड काळे केले असते तर गाव सोडून पुण्या-मुंबईकडे गेलो असतो आणि तिथे मटका काही कमी नव्हता. पण ते पुस्तक घरी नेऊन कोनाड्यात ठेवल्यावर मला बाजाराच्या दिवशी टपरीमागे जाता येईना. दोनदा निघालो आणि वेशीपासून परत आलो. तिसऱ्यांदा, खरे सांगायचे तर, गेलोही. एक रुपया लावला आणि हरलो. त्यानंतर मात्र नाही. दयेने माणूस एका रात्रीत सुधारतो असे कीर्तनात ऐकले तर माझी हरकत नाही; माझ्या बाबतीत तिला सहा-सात महिने लागले.

पुढे डी.एड. झालो, १९७५ साली जिल्हा परिषदेच्या शाळेवर लागलो. पहिल्या दोन पगारांतून सत्त्याऐंशी रुपये जमवून आप्पांकडे नेले. मला वाटले ते म्हणतील, असू दे पोरा. त्यांनी नोटा दोनदा मोजल्या, बोट ओले करून. मोठ्या आईला हाक मारली आणि तिच्या हातात दिल्या. “शेळ्या हिच्या हुत्या,” म्हणाले. “ब्याण्णवला गेल्या. पाच रुपयांचं मी बाजारात च्या आन् भजी खाल्ली, ते तुझ्याकडं न्हाईत.” तेव्हा कुठे मला त्या रात्रीचा मोठ्या आईचा अबोला आणि वाढलेली भाकरी दोन्ही कळली.

आप्पा १९९१ साली गेले. त्यांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही. या गावाने मला प्रामाणिक हिशेबनीस म्हणून तीन वेळा शाल-श्रीफळ दिले, तेव्हा पहिल्या दोन वेळी तर ते समोरच बसलेले होते. चेहऱ्यावर काही दिसायचे नाही.

आता देणगीदार मंडळींच्या मनात जो प्रश्न आला असेल तो मीच विचारतो. आम्ही घाम गाळून पैसे दिले, कोणी पगारातून, कोणी ऊस विकून, कोणी पुण्यात रिक्षा चालवून. त्या पैशाला कोणी हात लावला आणि तुम्ही दया दाखविली, तर ती आमच्या जिवावरची दया झाली. बरोबर आहे. अगदी बरोबर आहे. दुसऱ्याच्या पैशावर उदार होण्याचा अधिकार आप्पांनाही नव्हता, आणि त्यांनी तो घेतलाही नाही. गावाचा पैन् पै हिशेबात आला. म्हातारीचे पाच रुपये माळवदाला लागले. जी झळ बसली ती आप्पांच्या दावणीला बसली. नाथांनी अंगठी दिली ती स्वतःच्या बोटातली. विठोबाच्या अंगावरचा दागिना काढून दिला नाही. कमिटीवर बसून दुसऱ्याच्या रकमेची माफी देणे याला मी दया म्हणणार नाही, त्याला ढिलाई म्हणतात आणि तिने पुष्कळ देवस्थाने बुडाली आहेत.

हेही सांगतो की दया दरवेळी लागू पडत नाही. तेहतीस वर्षे मास्तरकी केली. एका मुलाने वर्गातली फी चोरली, ती मी स्वतःच्या खिशातून भरली आणि आप्पांसारखेच वागलो असे मला वाटले. त्याने पुढच्या वर्षी परत चोरली, मग मोठेपणी मोठी चोरी केली. कुठे चुकले ते मी पुष्कळ दिवस शोधत होतो. एवढे आठवते की मी पैसे भरले, पण वर्गाची किल्ली मात्र त्याच्या हाती पुन्हा कधी दिली नाही.

पैठणला नाथांच्या समाधीच्या दर्शनाला आपण जातो. त्याच पैठणला सरकारचे खुले कारागृह आहे, हे तरुणांना माहीत नसेल. बंदिस्त तुरुंगात चांगले वागलेले कैदी तिथे आणतात आणि ते शेती करतात. आपल्या राज्याला ही कल्पना नवी नाही. १९३९ साली औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत झाली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या पाठिंब्याने आणि मॉरिस फ्रिडमन या पोलंडच्या, गांधीजींना मानणाऱ्या इंजिनियरच्या पुढाकाराने खुनाच्या गुन्ह्यातल्या माणसांना बेड्या काढून माळरानावर शेतीला लावले. त्याच आधारावर ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि १९५७ साली व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ आला. तो सिनेमा मी पैठणला तंबूत पाहिला, आणि ज्या ठिकाणी सगळे लोक टाळ्या वाजवीत होते तिथे मी मान खाली घालून बसलो होतो. स्वतंत्रपूर अजून चालू आहे. माणसाला बंद केल्यावर तो पळायचा विचार करतो आणि उघडे ठेवल्यावर कधी कधी राहायचा विचार करतो, हे सरकारी कचेरीला पटले आहे. आपल्या चावडीला पटायला वेळ लागतो.

वेळ लागतो म्हणण्याचे कारण तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. गेल्या वर्षी या मंडपाचे काम चालू असताना सिमेंटच्या चौदा गोण्या कमी भरल्या. सामानावर लक्ष ठेवणारा आपलाच मुलगा होता. तेव्हा आकडा चिठ्ठीवर यायचा, आता मोबाइलवरच्या पत्त्यांत येतो, एवढाच काय तो पन्नास वर्षांतला फरक. मी त्याला विचारून हे बोलतो आहे. नाव घेणार नाही आणि तुम्हीही आज घेऊ नका. समितीच्या तीन बैठका झाल्या. पोलिसांत द्या म्हणणारे होते, आणि गप्प बसा, गावाची अब्रू जाईल म्हणणारेही होते. मला दोन्ही पटले नाही. तिसऱ्या बैठकीत काही सभासदांनी चौदा गोण्यांची किंमत आपापल्या खिशातून भरली. मागील पानावरच्या हिशेबात ‘सभासदांकडून वेगळी जमा’ अशी जी ओळ आहे ती तीच. त्यात तुमच्या देणगीचा एक रुपयाही कमी झालेला नाही. कोणालाही शंका असेल त्याने आमच्याकडच्या वह्या बघाव्यात. त्यासाठी आम्ही त्या आज इथेच ठेवल्या आहेत.

स्लॅब पडल्यानंतर त्याला एकवीस दिवस पाणी मारावे लागते. दिवसा मारणारी माणसे रोजंदारीची होती. रात्री दोन-तीन वाजता हापशावरून कळशा नेऊन कोण पाणी मारीत होते, हे मला म्हातारपणी झोप येत नाही म्हणून कळले. मी त्याला हाक मारली नाही. ओसरीवरचा दिवा तेवढा त्या वाटेकडे फिरवून ठेवीत असे, कारण खाली खडी पसरलेली होती.

काल संध्याकाळी महाप्रसादाचे नियोजन चालले होते. वाढप्यांची नावे लिहून घेताना त्याचे नाव आले, आणि दोघा-तिघांनी म्हटले की त्याच्या हातचे आम्ही वाढून घेणार नाही, आजचा दिवस तरी नको. ते नाव खोडले गेले. म्हणणाऱ्यांवर माझा राग नाही. चौदा गोण्यांचा राग यायलाच हवा. परंतु नाथांनी श्राद्धाचे अन्न गावकुसाबाहेरच्या भुकेल्यांना आधी वाढले, त्या पैठणच्या तालुक्यात पंगतीवरून माणूस वगळायचा तर तो कोणी वगळायचा, याचा मी रात्रभर विचार करीत होतो. सत्त्याऐंशी रुपयांचा चोर पन्नास वर्षे तुमच्या पंक्तीत वाढतो आहे. त्याच्या हातचे तुम्ही जेवलात. आज सकाळपर्यंत तुम्हाला ठाऊक नव्हते, आता ठाऊक झाले. आता ठरवताना दोघांचे एकदम ठरवा.

पंगत साडेबाराला बसेल. वरणाच्या बादल्या स्वयंपाकाच्या मांडवात उजव्या हाताला मांडल्या आहेत. मी पहिल्या ओळीला वाढणार आहे. माझ्या मागच्या ओळीची बादली आणि पळी मी बाजूला काढून ठेवली आहे, आणि तो पाण्याच्या टाकीपाशी उभा आहे.